पाणी, बर्फ, बाष्प आणि बाष्पदाब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाण्याच्या अवस्थांबद्दल लोक मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढचे चकवणारे. एकाच गोष्टीबद्दल दोनदा लिहावं लागू नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. दाब बहुतेक ठिकाणी पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये, म्हणजे 'मिमी'मध्ये आहे. समुद्रसपाटीला हवेचा दाब सरासरी 760 मिमी असतो, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

1. बाष्पदाब म्हणजे नक्की काय? पुस्तकातली व्याख्या पाठ आहे, पण डोक्यात शिरत नाही.

व्याख्या बाजूला ठेवा आणि एक झाकणबंद बाटली डोळ्यांसमोर आणा. अर्धी पाण्याने भरलेली, वरच्या भागातली हवा पूर्ण काढून टाकलेली. पाण्याचे रेणू सतत हालत असतात आणि सगळ्यांचा वेग सारखा नसतो. पृष्ठभागाजवळचे काही वेगवान रेणू शेजाऱ्यांची ओढ तोडून वर निसटतात. वरची जागा आता रिकामी राहत नाही. तिथे भटकणारे काही रेणू पुन्हा पाण्यावर आदळतात आणि त्यातच मिसळतात. सुरुवातीला जावक जास्त आणि आवक कमी असते. वर गर्दी वाढत जाते तशी आवकही वाढते, आणि एका क्षणी दोन्ही सारख्या होतात. त्या वेळी वरच्या बाष्पाचा बाटलीच्या भिंतींवर जो दाब पडतो, तो त्या तापमानाचा संपृक्त बाष्पदाब. नुसतं 'बाष्पदाब' म्हटलं की बहुतेक वेळा हाच अभिप्रेत असतो.

समतोल साधला म्हणजे हालचाल थांबली असं नाही. दर क्षणाला असंख्य रेणू बाहेर पडतात आणि तितकेच परत येतात. आवक-जावकीचा हा हिशेब नीट समजला, तर खालचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात.

2. बाटलीत पाणी जास्त असेल तर बाष्पदाबही जास्त असेल ना?

नाही. एक चमचा पाणी असो की पिंपभर, तापमान सारखं असेल तर बाष्पदाब सारखाच. पृष्ठभाग मोठा असेल तर जावक वाढते, पण त्याच प्रमाणात आवकही वाढते. समतोल लवकर येतो एवढाच फरक. अट एकच: समतोल येईपर्यंत थोडं तरी पाणी शिल्लक राहायला हवं.

3. किटलीतून निघणारा पांढरा धूर म्हणजेच बाष्प ना?

तो बाष्प नाही, आणि धूर तर नाहीच. बाष्प डोळ्यांना दिसत नाही. किटलीच्या तोंडाशी नीट पाहा. तोंडाला लागून एखादा सेंटिमीटर जागा पूर्ण पारदर्शक दिसते आणि पांढरा लोट त्यापुढे सुरू होतो. खरं बाष्प त्या पारदर्शक जागेत असतं. पुढे थंड हवा भेटली की त्याचे बारीक थेंब होतात, आणि आपल्याला दिसतात ते हे थेंब. आणखी थोडं वर गेल्यावर लोट नाहीसा होतो, कारण कोरड्या हवेत थेंबांचं पुन्हा बाष्प होतं. वीतभर अंतरात दोन अवस्थांतरं!

बोलीत आपण दोन्हींना 'वाफ' म्हणतो आणि त्यात काही वावगं नाही. पण प्रश्न सोडवताना हा फरक विसरलात तर चूक होणारच. धुकं आणि ढग हेही बाष्प नव्हेत. ते पाण्याचे किंवा बर्फाचे कण आहेत.

4. तापमानाबरोबर बाष्पदाब किती वाढतो? काही आकडे द्याल का?

हे शुद्ध पाण्याचे आकडे:

0 अंश सेल्सिअस: 4.6 मिमी
20 अंश: 17.5 मिमी
25 अंश: 23.8 मिमी
30 अंश: 31.8 मिमी
35 अंश: 42.2 मिमी
50 अंश: 92.5 मिमी
80 अंश: 355 मिमी
100 अंश: 760 मिमी
120 अंश: सुमारे 1,490 मिमी

ही वाढ सरळ रेषेत होत नाही. 20 वरून 30 अंशांवर गेलात तर बाष्पदाब दुप्पट होत नाही, पण सुमारे 1.8 पट होतो. नेहमीच्या हवामानाच्या तापमानात दर अंशाला साधारण 6 ते 7 टक्के वाढ धरायला हरकत नाही. कारण असं की निसटण्याइतकी ऊर्जा फक्त मूठभर रेणूंकडे असते. सरासरी तापमान जरासं वाढलं की या मूठभरांची संख्या झपाट्याने वाढते. हा संबंध क्लॉशियस-क्लापेरॉन समीकरण या नावाने ओळखला जातो. क्लापेरॉनने तो 1834 मध्ये मांडला आणि क्लॉशियसने 1850 मध्ये त्याला भक्कम पाया दिला.

5. पाणी 100 अंशांना उकळतं, मग ओला कपडा 25 अंशांना कसा वाळतो?

बाष्पीभवन आणि उकळणं या वेगळ्या क्रिया आहेत. बाष्पीभवन फक्त पृष्ठभागावर होतं, आणि ते कोणत्याही तापमानाला होतं. कपड्यालगतच्या हवेतल्या बाष्पाचा दाब त्या पाण्याच्या बाष्पदाबापेक्षा कमी असला की जावक आवकीपेक्षा जास्त राहते आणि कपडा वाळतो. वारा कपड्याजवळचं बाष्प दूर नेतो, म्हणजे आवक कमी करतो. म्हणून वाऱ्यात कपडे लवकर वाळतात.

उकळताना पाण्याच्या पोटात बाष्पाचे बुडबुडे तयार होतात. आजूबाजूचा दाब अशा बुडबुड्याला चेपू पाहत असतो. आतल्या बाष्पाचा दाब त्याच्या बरोबरीला आला तरच बुडबुडा टिकतो. 25 अंशांना पाण्याचा बाष्पदाब 24 मिमीसुद्धा नाही आणि बाहेर 760 मिमी आहे, त्यामुळे बुडबुडा जन्मतःच चेपला जातो. 100 अंशांना दोन्ही दाब सारखे होतात. म्हणजे 100 ही पाण्याच्या अंगची जादुई संख्या नाही. भोवतालचा दाब 760 मिमी असतो म्हणून ती येते.

पाणी तापवायला ठेवलं की 50-60 अंशांच्या सुमारास भांड्याला चिकटलेले बारीक बुडबुडे दिसतात. ते विरघळलेल्या हवेचे असतात. उकळण्याशी त्यांचा संबंध नाही.

6. उंच डोंगरावर पाणी लवकर उकळतं, मग अन्न शिजायला जास्त वेळ का लागतो?

पाणी लवकर उकळतं म्हणजे कमी तापमानाला उकळतं, आणि अन्न शिजतं ते तापमानाने. बुडबुडे कितीही नाचले तरी त्यांनी काही शिजत नाही. एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे एक तृतीयांश आहे. तिथे पाणी 70 अंशांच्या जरा पुढेच उकळू लागतं, आणि आच कितीही वाढवली तरी त्यापुढे तापत नाही (प्रश्न 8 पाहा).

प्रेशर कुकर याच्या उलट काम करतो. आतला दाब वातावरणाच्या दुपटीवर गेला की पाणी उकळायला सुमारे 120 अंश लागतात. वरची आकडेवारी पाहा, 120 अंशांना बाष्पदाब 760 च्या जवळजवळ दुप्पट आहे. असं भांडं दनी पापँने 1679 मध्ये लोकांसमोर आणलं, तेही सुरक्षा-झडपेसकट. झडपेचा हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. दाब असताना कुकरचं झाकण जबरदस्तीने उघडलं तर आतल्या 120 अंशांच्या पाण्यावरचा दाब क्षणात निम्मा होतो आणि त्याचा काही भाग एकदम बाष्प होऊन उसळतो. उष्ण पाण्याचे नैसर्गिक फवारे उडतात त्यामागेही हेच कारण आहे. जमिनीखाली वरच्या पाण्याच्या भाराखाली शंभरच्या पुढे तापलेलं पाणी द्रवच राहतं. वरचं थोडं पाणी बाहेर सांडलं की भार हलका होतो आणि खालचं सगळं उसळून वर येतं.

7. खोलीच्या तापमानाला पाणी उकळता येतं का? हात भाजणार नाही असं?

हो, आणि हा प्रयोग करून पाहाच. सुई नसलेली 20 मिलिलीटरची सिरिंज घ्या. तिच्यात 3-4 मिलिलीटर कोमट पाणी भरा, आतली हवा पूर्ण बाहेर काढा, टोक बोटाने घट्ट दाबा आणि दट्ट्या जोरात मागे ओढा. आधी विरघळलेली हवा बुडबुडे होऊन सुटते. आणखी ओढलं की पाणी खरोखर उकळू लागतं. 50 अंशांच्या पाण्याला त्यासाठी दाब 92 मिमीपर्यंत खाली आला की पुरतो. दट्ट्या सोडला की सगळं शांत होतं.

निर्वात पंपाने दाब कमी करतच गेलात तर याहून विलक्षण गोष्ट दिसते. उकळण्यासाठी लागणारी उष्णता बाहेरून मिळत नाही, म्हणून ती उरलेल्या पाण्यातूनच घेतली जाते. पाणी गार होत जातं आणि उकळता उकळता गोठतं. 0 अंशांजवळ 1 ग्रॅम पाण्याचं बाष्प व्हायला जेवढी उष्णता लागते, तेवढी काढून घेतली तर सुमारे साडेसात ग्रॅम पाण्याचा बर्फ होतो. जॉन लेस्लीने 1810 मध्ये याच तत्त्वावर कृत्रिम बर्फ तयार केला. बाष्प शोषून घ्यायला त्याने भांड्याशेजारी सल्फ्युरिक आम्ल ठेवलं होतं. आवक बंद केली की जावकच उरते.

8. उकळत्या पाण्याखालची आच वाढवली तर पाणी आणखी तापतं का?

तापत नाही, फक्त लवकर आटतं. 1 ग्रॅम पाणी 0 वरून 100 अंशांवर न्यायला साधारण 100 कॅलरी लागतात. त्याच ग्रॅमचं 100 अंशांना बाष्प करायला 540 कॅलरी लागतात. ही ऊर्जा रेणूंमधली ओढ तोडण्यात खर्च होते, तापमान वाढवण्यात नाही. हाच अप्रकट उष्मा. जोसेफ ब्लॅकने 1760 च्या दशकात मोजमापं करून तो दाखवला. बर्फ वितळायला असेच 80 कॅलरी लागतात.

उकळत्या पाण्यापेक्षा वाफेने जास्त भाजतं ते यामुळेच. बाष्प त्वचेवर द्रवरूप होताना या 540 कॅलरी प्रत्येक ग्रॅममागे तिथेच सोडतं, आणि नंतर ते 100 अंशांचं पाणी म्हणून भाजायचं उरतंच.

9. 'गरम हवेत जास्त बाष्प मावतं' हे बरोबर आहे का?

हे वाक्य जवळजवळ प्रत्येक पुस्तकात सापडतं. त्यातून येणारे आकडे बरोबर येतात, पण समज चुकीची होते. म्हणून याचं उत्तर मी जरा लांबवणार आहे.

'मावतं' म्हटलं की हवा म्हणजे स्पंज असं चित्र उभं राहतं, जणू हवेत रिकाम्या जागा आहेत आणि तापल्यावर त्या वाढतात. पण प्रश्न 1 मधल्या बाटलीत हवा नव्हतीच, तरी बाष्पदाब होता. आता त्याच बाटलीत कोरडी हवा भरा. 25 अंशांना पाण्याच्या बाष्पाचा दाब पुन्हा 23.8 मिमीवर येऊन थांबेल. हवेमुळे होणारा फरक इतका सूक्ष्म असतो की रोजच्या हिशेबात तो धरतच नाहीत. जॉन डाल्टनने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेच दाखवलं: मिश्रणातला प्रत्येक वायू आपला दाब असा देतो, जणू बाकीचे तिथे नाहीतच.

मग गरम दिवसात बाष्प जास्त का असू शकतं? कारण पाणीही गरम असतं. गरम पाण्यातून, गरम थेंबातून, गरम मातीतून जावक जास्त असते, आणि तिच्याशी बरोबरी करायला आवकही जास्त लागते. निर्णय पाण्याचं तापमान करतं. हवा मध्ये फक्त दोन कामं करते: उष्णता इकडून तिकडे नेते आणि बाष्पाचा प्रवास मंदावते. निर्वात जागेत बाष्पीभवन झपाट्याने होतं, कारण वाटेत आडवं कोणी नसतं. मुक्काम मात्र तोच.

'मावतं' या शब्दाने केलेली चूक दाखवणारं उदाहरण प्रश्न 11 मध्ये आहे.

10. सापेक्ष आर्द्रता आणि दवबिंदू यांतलं काय पाहावं?

सापेक्ष आर्द्रता म्हणजे हवेतल्या बाष्पाचा प्रत्यक्ष दाब हा त्या तापमानाच्या संपृक्त बाष्पदाबाच्या किती टक्के आहे, तो आकडा. समजा तापमान 30 अंश आणि आर्द्रता 50 टक्के आहे. मग प्रत्यक्ष दाब 31.8 च्या निम्मा, 15.9 मिमी. पाण्याचा बाष्पदाब 15.9 मिमी कोणत्या तापमानाला असतो? सुमारे 18.4 अंशांना. हाच दवबिंदू. त्या हवेत 18 अंशांहून गार पेला ठेवा, बाहेरून थेंब जमणारच. पेला पाझरत नाही. ते पाणी हवेतलं असतं.

सापेक्ष आर्द्रता एकटी पाहिली तर ती फसवते. बाहेर 0 अंश आणि 100 टक्के आर्द्रता असलेली हवा घरात घेऊन 20 अंशांपर्यंत तापवा. बाष्प तेवढंच, 4.6 मिमी. पण संपृक्त दाब आता 17.5 आहे, त्यामुळे आर्द्रता 26 टक्क्यांवर येते आणि ओठ फुटतात. हवेत पाणी किती आहे हे जाणून घ्यायचं असेल तर दवबिंदू पाहा.

एक जोडप्रश्न नेहमी येतो: 100 टक्के आर्द्रता म्हणजे हवेत सगळं पाणीच का? नाही. 30 अंशांना 760 पैकी 31.8 मिमी, म्हणजे दर शंभर रेणूंत चारच्या आसपास पाण्याचे. पाण्याचा रेणू (रेणुभार 18) हवेच्या सरासरी रेणूपेक्षा (रेणुभार 29) हलका असतो, त्यामुळे तापमान आणि दाब तोच असेल तर दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. 'जड' वाटते ती न वाळणाऱ्या घामामुळे.

11. आर्द्रता 100 टक्के असेल तर घाम वाळूच शकत नाही ना?

'हवेत आता मावत नाही' असं धरलं तर उत्तर 'वाळू शकत नाही' असं येतं, आणि ते चूक आहे. हवा 25 अंशांची आणि पूर्ण संपृक्त आहे असं समजा. तिच्यातल्या बाष्पाचा दाब 23.8 मिमी. त्वचा साधारण 35 अंशांची असेल तर तिच्यावरच्या घामाचा बाष्पदाब 42 मिमीच्या आसपास असतो. जावक आवकीपेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे घाम उडतोच. उडालेलं बाष्प त्वचेपासून दूर गार हवेत गेलं की त्याचे थेंब होऊ शकतात. थंड, धुकट दिवशी धावणाऱ्या माणसाच्या अंगातून वाफा निघताना दिसतात त्या याच.

धोका सुरू होतो तो हवाच 35 अंशांची आणि संपृक्त झाल्यावर. तेव्हा दोन्ही दाब सारखे होतात. घाम येतो आणि ओघळून जातो, अंग गार होत नाही. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापीने 35 अंश दाखवणं ही माणसाच्या सहनशक्तीची सैद्धांतिक मर्यादा मानतात ती यामुळे. प्रत्यक्षात शरीर त्याच्या बरंच अलीकडे त्रासात येतं, कारण शरीर स्वतःही सतत उष्णता तयार करत असतं.

12. बर्फालाही बाष्पदाब असतो का?

असतो. उणे 10 अंशांना बर्फाचा बाष्पदाब 1.95 मिमी आहे. कमी वाटला तरी तो शून्य नाही. फ्रीजरमध्ये महिनोन्महिने पडून राहिलेले बर्फाचे खडे बारीक होतात ते याच वाटेने: बर्फाचं थेट बाष्प, मध्ये पाणी नाहीच. याला संप्लवन म्हणतात. उलट दिशेने बाष्पाचं थेट बर्फ होतं तेव्हा गवतावर किंवा काचेवर हिमकण दिसतात.

खरी गंमत पुढे आहे. त्याच उणे 10 अंशांना पाणी न गोठता द्रव राहिलं असेल (प्रश्न 13 पाहा), तर त्याचा बाष्पदाब 2.15 मिमी असतो, बर्फापेक्षा दहा टक्के जास्त. बर्फात रेणू अधिक घट्ट बांधलेले असतात, म्हणून त्यांची जावक कमी. आता अशा ढगाची कल्पना करा ज्यात न गोठलेले थेंब आणि थोडे हिमस्फटिक शेजारी शेजारी आहेत. बाष्पाचा दाब दोन्हींच्या मध्ये असेल तर थेंबांची जावक जास्त आणि स्फटिकांची आवक जास्त. थेंब आटतात, त्यांचं पाणी हवेतून जाऊन स्फटिकांवर बसतं, आणि स्फटिक जड होऊन खाली येतात. ही कल्पना वेगेनरने 1911 मध्ये मांडली आणि बर्गेरॉन व फिंडायझेन यांनी 1930 च्या दशकात विकसित केली. समशीतोष्ण प्रदेशांतला बराचसा पाऊस अशा ढगांत हिम म्हणून जन्मतो आणि वाटेत वितळतो. 0.2 मिमीच्या फरकावर एवढा पाऊस अवलंबून आहे, याचं मला दर वेळी नव्याने आश्चर्य वाटतं.

13. पाणी 0 अंशांना गोठतंच ना?

बर्फ 0 अंशांना वितळतोच, पण पाणी 0 अंशांना गोठतंच असं नाही. गोठायला पहिलं बीज लागतं: धुळीचा कण, भांड्यावरचा ओरखडा किंवा बर्फाचाच कण. बीज नसेल तर पाणी शून्याखालीही द्रव राहतं. फॅरनहाइटने 1724 मध्येच याची नोंद केली होती. ढगातले अतिशय बारीक, स्वच्छ थेंब उणे 38 अंशांच्या आसपासपर्यंत न गोठता राहू शकतात. अशा पाण्याला एकदा बीज मिळालं की ते झपाट्याने गोठू लागतं, आणि गोठताना सुटलेल्या उष्णतेने त्याचं तापमान वर चढून 0 अंशांवर येतं. गोठताना तापणारं पाणी! हिशेब प्रश्न 8 मधलाच, फक्त उलट्या बाजूने.

14. मीठ घातल्यावर काय बदलतं?

मिठाचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, पाण्यात वाटा घेतात आणि पाण्याच्या रेणूंची जावक कमी होते. म्हणून बाष्पदाब उतरतो, उत्कलनबिंदू चढतो आणि गोठणबिंदू उतरतो. मूळ कारण एकच आहे. समुद्राच्या पाण्याचा बाष्पदाब शुद्ध पाण्यापेक्षा साधारण 2 टक्के कमी असतो आणि ते उणे 1.9 अंशांच्या सुमारास गोठू लागतं.

मिठाने पाणी 'जास्त गरम' होतं हे खरं असलं तरी नगण्य आहे. एक अंश मिळवायला लिटरमागे सुमारे 58 ग्रॅम मीठ लागतं. दहा ग्रॅमने 0.2 अंशसुद्धा वाढत नाही.

मिठाचं संपृक्त द्रावण बंद डब्यात ठेवलं तर आतली आर्द्रता 75 टक्क्यांवर स्थिरावते. आर्द्रतामापक तपासायला ही साधी युक्ती वापरतात. हवा त्याहून दमट झाली की उघडं मीठ पाणी ओढून ओलं होतं, तेही याच आकड्यामुळे.

15. हवा संपृक्त झाली की लगेच थेंब बनतात का?

स्वच्छ हवेत नाही. 4 थ्या प्रश्नातले आकडे सपाट पृष्ठभागाचे आहेत. बारीक थेंबाच्या वक्र पृष्ठभागावर प्रत्येक रेणूला धरून ठेवणारे शेजारी कमी असतात, म्हणून जावक जास्त. 10 नॅनोमीटर त्रिज्येच्या थेंबाचा बाष्पदाब सुमारे 11 टक्के जास्त असतो, 1 नॅनोमीटरच्या थेंबाचा जवळजवळ तिप्पट. म्हणजे नव्याने जन्मलेला थेंब लगेच आटून जातो. वाढायचं तर मोठं व्हायला हवं, आणि मोठं होण्याआधी टिकायला हवं.

धूळ, धूर आणि समुद्री मिठाचे कण या पेचातून वाट काढून देतात. कणावर पाणी बसलं की थेंब सुरुवातीपासूनच मोठा असतो, आणि कण मिठाचा असेल तर प्रश्न 14 मुळे त्याचा बाष्पदाबही कमी असतो. कणांशिवाय आकाशात ढग जवळजवळ दिसलेच नसते.

16. मायक्रोवेव्हमधून काढलेलं शांत पाणी अचानक का उसळलं?

हीच अडचण, उकळण्याच्या बाजूने. बुडबुड्यालाही पहिलं बीज लागतं. गुळगुळीत, स्वच्छ कपात ते मिळत नाही आणि पाणी 100 अंशांच्या पुढे जाऊनही शांत दिसतं. कप हलवला किंवा त्यात चमचा, साखर वा पूड टाकली की ते एकदम उसळतं. यात लोक गंभीर भाजले आहेत, तेव्हा हे हसण्यावारी नेऊ नका. तापवण्याआधीच कपात लाकडी काडी ठेवा, गरजेपेक्षा जास्त वेळ तापवू नका, आणि काढण्याआधी अर्धा-एक मिनिट थांबा.

17. लाल तव्यावर पाण्याचा थेंब पटकन उडायला हवा, तो नाचत का बसतो?

थेंबाखाली बाष्पाचा पातळ थर तयार होतो आणि थेंब त्यावर तरंगतो. बाष्प उष्णता फार कमी वाहून नेतं, त्यामुळे तो हळू आटतो. तवा किती तापल्यावर हे घडेल ते पृष्ठभाग कसा आहे त्यावर ठरतं, पण साधारण 200 अंशांच्या आसपास हे दिसू लागतं. लायडेनफ्रॉस्टने 1756 मध्ये याचं वर्णन केलं.

18. बर्फावर दाब पडला की तो वितळतो, म्हणून स्केट घसरतात. बरोबर?

पहिला भाग बरोबर, दुसरा नाही. बर्फ पाण्यापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून दाबाने वितळणबिंदू उतरतो. पण किती? एक अंश उतरवायला सुमारे 135 वातावरणांचा दाब लागतो (एक वातावरण म्हणजे 760 मिमी). 60 किलोच्या माणसाचा भार पात्याच्या दीड चौरस सेंटिमीटरवर पडला असं धरलं तर दाब सुमारे 40 वातावरणं होतो आणि वितळणबिंदू 0.3 अंशाने उतरतो. लोक मात्र उणे 10 अंशांच्या बर्फावरही मजेत घसरतात. कारण दुसरीकडे आहे. बर्फाच्या पृष्ठभागावरचे रेणू नेहमीच सैल असतात आणि त्यांचा द्रवासारखा अतिपातळ थर तिथे असतो. फॅरडेने 1850 मध्ये हे ओळखलं होतं. त्यात घर्षणाच्या उष्णतेची भर पडते.

19. गरम पाणी गार पाण्यापेक्षा लवकर गोठतं म्हणतात, खरं का?

टांझानियात एरास्टो म्पेंबा या विद्यार्थ्याने 1963 मध्ये हे पाहिलं आणि 1969 मध्ये डेनिस ऑसबॉर्न यांच्यासोबत ते प्रसिद्ध झालं. काही मांडण्यांत ते दिसतं, काहींत दिसत नाही. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या काटेकोर मापनांत खात्रीलायक पुरावा मिळाला नव्हता. बाष्पीभवनाचा वाटा असू शकतो: 90 अंशांचं पाणी फक्त बाष्पीभवनानेच 0 पर्यंत गार झालं तर त्यातलं सुमारे 15 टक्के उडून जातं आणि गोठायला कमी पाणी उरतं. प्रश्न 13 मधलं बीजाचं प्रकरणही निकाल बदलू शकतं. नियम म्हणून कोणी सांगितलं तर मान्य करू नका.

20. पंप गार पाणी ओढतो, गरम पाणी ओढताना खडखडतो. पंप बिघडला का?

बहुधा नाही. पंप पाणी 'ओढत' नाही. तो आतला दाब कमी करतो आणि बाहेरची हवा पाणी वर ढकलते. म्हणून अगदी उत्तम पंपालाही गार पाणी सुमारे 10 मीटरच्या वर ओढता येत नाही. पाणी 80 अंशांचं असेल तर दाब 355 मिमीपर्यंत उतरला की ते नळीतच उकळू लागतं, आणि ही मर्यादा साडेपाच मीटरच्या आसपास येते. प्रत्यक्षात आणखी कमी. बाष्पाचे बुडबुडे पुढे जास्त दाबाच्या जागी आदळून मिटतात, त्याचा तो खडखडाट. पाती खड्डे पडून खराब होतात, म्हणून दुर्लक्ष करू नका. पंप खाली बसवा, पाणी त्याच्याकडे उतारानेच येऊ द्या.

21. अवकाशात माणसाचं रक्त उकळतं का?

37 अंशांना पाण्याचा बाष्पदाब 47 मिमी असतो. सुमारे 19 किलोमीटर उंचीवर हवेचा दाब एवढाच उरतो. त्यावर दाबयुक्त पोशाखाशिवाय जिभेवरची लाळ आणि डोळ्यांतलं पाणी उकळू लागतं. रक्ताला मात्र रक्तवाहिन्यांच्या भिंतींचा दाब मिळतो, त्यामुळे ते लगेच उकळत नाही. प्राणवायूअभावी शुद्ध त्याआधी हरपते.

22. बर्फ, पाणी आणि बाष्प तिन्ही एकत्र राहू शकतात का?

0.01 अंश आणि 4.58 मिमी या एकाच जोडीला. हाच त्रिक बिंदू. 1954 पासून 2019 पर्यंत केल्व्हिन या एककाची व्याख्या यावरच होती, कारण शुद्ध पाण्याची बंद नळी जगात कुठेही तेच तापमान देते. दाब याहून कमी असेल तर शुद्ध पाणी द्रवरूपात टिकत नाही. मंगळावरचा सरासरी दाब नेमका या आकड्याच्या आसपास आहे, म्हणून तिथला बर्फ बहुतेक ठिकाणी थेट बाष्प होतो.

23. दाब वाढवत गेलो तर उत्कलनबिंदू कितीही वर जाईल का?

नाही. तो 374 अंशांना आणि सुमारे 218 वातावरणांच्या दाबाला संपतो. तापमान चढत जातं तसं बंद भांड्यातलं पाणी प्रसरण पावून विरळ होतं आणि वरचं बाष्प दाटत जातं. अप्रकट उष्मा कमी कमी होतो. 374 अंशांना दोघांची घनता सारखी होते, अप्रकट उष्मा शून्यावर येतो आणि मधला पृष्ठभाग विरून जातो. शार्ल कान्यार द ला तूरने 1822 मध्ये बंद बंदुकीच्या नळीत द्रव तापवून असा बदल ओळखला. नळीत त्याने गारगोटीची गोळी टाकली होती आणि ती घरंगळताना द्रवामुळे येणारा आवाज कोणत्या क्षणी बंद होतो हे तो कान देऊन ऐकत होता.

यातून एक विचित्र वाट निघते. पाण्यावरचा दाब आधी 218 वातावरणांच्या पुढे न्या, मग ते 374 अंशांच्या पुढे तापवा, मग दाब हळूहळू उतरवा आणि शेवटी गार करा, फक्त त्या दाबाच्या उत्कलनबिंदूच्या खाली जाऊ नका. सुरुवातीला भांड्यात द्रव होता, आता वायू आहे. मध्ये एकही बुडबुडा आला नाही, आणि पाण्याचा वायू नेमका कोणत्या क्षणी झाला हे दाखवता येईल असा क्षणही नव्हता. मोठ्या वीजकेंद्रांतले काही बॉयलर याच भागात चालतात. तिथे पाणी 'उकळतं' असं म्हणताच येत नाही, कारण ज्यावर आवक-जावक मोजावी असा पृष्ठभागच तिथे नसतो.